उजव्या खांद्याची रेघ

मेलेल्या माणसाचा ईसीजी काढणं सगळ्यांत सोपं, तो हलत नाही, असं ईसीजी काढणारी उत्कर्षा हाताखाली शिकायला आलेल्या नव्या पोरींना सांगायची. पोरी कसनुशा हसायच्या. जतकडच्या त्या दवाखान्यातलं नवं मशीन दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला गेलं ते परतलंच नव्हतं, म्हणून कपाटातलं जुनं बाहेर निघालं होतं. ते एका वेळी एकच रेघ काढी. मग पट्टी कात्रीनं कापायची आणि बारा तुकडे कागदावरच्या बारा चौकटींत चिकटवायचे. बाराही रेघा सरळ असल्या तरच डॉक्टर मृत म्हणून सही करत, अशी तिथली रीत होती.

उत्कर्षाला त्याचं काही वाटत नसे. गेल्या वर्षी स्वतःच्या आईच्या पट्टीचे तुकडेही तिनंच चिकटवले, आणि हात धुऊन डबा खाल्ला. लोक म्हणाले, बाई काळजाची घट्ट. घट्ट कसली! आत काही लागतच नव्हतं.

त्या टळटळीत दुपारी बिरदेव आपल्या म्हाताऱ्या आईला, हरणाबाईला, टेम्पोतून घेऊन आला. जन्म मेंढरांमागं गेलेला, अंगाला लोकरीचा आणि भंडाऱ्याचा वास. डॉक्टर विश्वजितनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मान हलवली. बिरदेवनं धनगरवस्तीवर फोन लावून खड्डा खणायला सांगितला. त्यांच्या घरात पुरायची चाल, आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांनी मूठमूठ माती द्यायला हवी होती. तेवढं लवकर करा ताई, असं म्हणून तो बाहेर जाऊन उभा राहिला.

उत्कर्षानं लाल तार म्हातारीच्या उजव्या हाताला लावली, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. छातीवरही चकत्या बसवल्या. तारा मोजक्याच, पण त्यांची बेरीज-वजाबाकी करून मशीन हृदयाकडे बारा जागांवरून बघतं. एकच देऊळ वेगवेगळ्या आळींतून दिसावं, तसं. पहिली रेघ सरळ आली. दुसरी सरळ. तिसरीही. चौथीला एव्हीआर म्हणतात, ती उजव्या खांद्यावरून बघते.

तिथं सुई हलली.

टक... टक... टक...

ठोके वर तोंड करून उभे राहत होते. जिवंत माणसाच्या या रेघेत ते खाली तोंड करून असतात, कारण हृदयातली वीज उजव्या खांद्यापासून दूर, डावीकडे खाली जाते. इथं ती खांद्याकडे येत होती.

लाल-पिवळी तार घाईत उलटी लागली की काय, म्हणून तिनं पाहिलं. बरोबर होती. आणि उलटी असती तरी मेलेल्याची रेघ सरळच यायची. शिवाय चौथी रेघ पहिल्या तिघींच्याच तारांतून निघते. त्या निजलेल्या असताना हिनं एकटीनं चालायचं, हे हिशेबात बसत नाही. तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

ती भिंतीकडे सरकली, तसे ठोके बुटके झाले. जवळ आली, तसे उंच झाले. मग तिनं स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं. तिची नाडी आणि मशीनची सुई एकदमच उडत होत्या. म्हातारीच्या उजव्या खांद्यावरून कुणीतरी उत्कर्षाकडेच बघत होतं.

बाकीच्या रेघा सरळ आल्या. विश्वजितनी कागद पाहिला आणि चौथी चौकट रिकामी का, म्हणून विचारलं. मशीन गडबड करतंय, ती म्हणाली. मग तपासून घ्या, रिकाम्या चौकटीवर मी सही करणार नाही, असं म्हणून ते निघून गेले.

ऊन उतरू लागलं. बिरदेव दारात आला.

"ताई, मानसं खड्ड्यापाशी उभी हाईत. काय ऱ्हायलंय?"

"एकच तुकडा."

तो आईकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "जित्ती... जित्ती हाय व्हय आई? तसं आसंल तर सांगा. मी न्हेत न्हाई."

"नाही दादा. त्या गेल्या."

तो बाहेर गेल्यावर तिनं तारा सोडवल्या आणि मशीन तपासायला शेजारच्या खाटेवर पडून स्वतःला लावल्या. पहिल्या तीन रेघांत तिचे ठोके नीट चालले. चौथी सरळ आली. तिनं पकडी काढून पुन्हा लावल्या. पुन्हा सरळ. अकरा जागांवरून तिचं हृदय दिसत होतं. उजव्या खांद्यावरून आता कुणीच बघत नव्हतं.

ती उठली. कात्री घेतली, आपला तुकडा कापला आणि हरणाबाईच्या रिकाम्या चौकटीत चिकटवला. सरळ रेघेवर कुणाचं नाव नसतं. विश्वजितनी सही केली. बिरदेवनं हात जोडले आणि टेम्पो धूळ उडवत वस्तीकडे गेला.

दिवस मावळायला आला तेव्हा ती पकडींना लागलेलं जेल पुसत बसली होती. उजव्या खांद्यावर काहीतरी कोरडं, हलकं पडलं. तिनं झटकलं. हाताला काही लागलं नाही. पुन्हा पडलं, जरा जड. मग पुन्हा...

वर्षभरात पहिल्यांदाच तिला काहीतरी जाणवत होतं. ती हलली नाही. एकेक मूठ पडत राहिली, थांबायचं नाव नव्हतं. वस्तीवर माणसं बरीच जमली असावीत.