जमादाराला घर मिळालं

“दावं कुठंय?”

“आई, म्हातारीनं ठेवून घेतलं म्हनून सांगितलं ना!”

“ठेवून घेतलं म्हंजे? जनावर नेनाऱ्यानं आपलं दावं आनायचं आसतं. तुझ्या त्या रंगुबाईला एवढं बी कळंना व्हय?”

“कुत्रं दिलंय आई, बैल न्हाई इकला.”

“दारात बांधलं ते जनावर. आन् ते दावं माझ्या बैलांचं हुतं. जा, घेऊन ये.”

शनिवारची दिवेलागण. चंपाषष्ठी बुधवारी झाली होती. मी भिंतीपलीकडे भाकरी थापत होते, ते पिठाचे हात तसेच घेऊन आक्काबाईच्या अंगणात आले. आक्काबाई माझी चुलत जाऊ आणि गोरक्ष तिचा एकुलता एक. भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्या लागते, पिंपळ लागतो. इथं दोन्ही नव्हतं. शुद्ध नवमीचं टिपूर चांदणं होतं आणि आजूबाजूला नुसता ऊस. पोरांनो, ऐकीव असती तर ही गोष्ट मी कागदावर आणली नसती.

आमच्या नेवाशाकडं बैल विकला, गाय विकली, तरी दावं देत नाहीत. गिऱ्हाइकानं आपलं दावं आणायचं, आपल्या हातानं बांधायचं आणि न्यायचं. जुनं दावं घरच्या खुंटीला राहतं. ते गेलं की घराची बरकत त्याच्या मागं जाते म्हणतात. गोरक्षनं ट्रॅक्टर घेतला तेव्हा आक्काबाईची बैलजोडी गेली आणि एक अंबाडीचं दावं राहिलं. त्यानंच पुढं जमादाराला बांधायचे. जमादार म्हणजे त्यांचं कुत्रं. तांबडं, रुंद छातीचं, एक कान फाटका. म्हातारं झालं होतं, पण रात्री पान हललं तरी भुंकायचं. गोरक्षची लेक अंगणात निजली की तिच्या बाजेखाली पडून राहायचं.

त्या साली आमच्या उसात बिबट्या शिरला. पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं त्यानं ओट्यावरून उचललं. मग पारावर शहाण्यांचं ठरलं, की बिबट्याला माणूस नको असतो, कुत्रं हवं असतं. कुत्रं दारात ठेवणं म्हणजे त्याला आवतण देणं. इतकी वर्षं ज्यानं दार राखलं तोच आता दाराला धोका झाला! गोरक्षची बायको दिपाली म्हणाली, “पोरीला काय झालं तर? काढा त्याला.” आक्काबाई म्हणाली, “काढा. पन पाप नको डोक्यावर. चांगलं दार बघून द्या. आन् आधी षष्ठी हू द्या.”

षष्ठी झाली. भरीत-रोडग्याचा पहिला घास खंडोबाच्या कुत्र्याचा, म्हणून आक्काबाईनं जमादाराच्या कपाळाला भंडारा लावला आणि आपल्या हातानं घास भरवला. त्यानं तिचा हात चाटून लख्ख केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पिकअपमध्ये चढवलं. भंडारा अजून कपाळावर होता. देवाचं कुत्रं एका दिवसाचं. दुसऱ्या दिवशी ते नुसतं कुत्रं.

दुपारी गोरक्ष रिकामी गाडी घेऊन आला. “दिलं,” म्हणाला.

“कुनाला?”

“पाटाच्या पलीकडं एक म्हातारी हाय. रंगुबाई. एकटीच ऱ्हाती. डाव्या पायानं लंगडती जरा. म्हनली, बरं झालं बाबा, मला सोबत झाली.”

आक्काबाई खूश. दिपाली खूश. पोरगी तेवढी दोन दिवस जेवली नाही, तिला रंगुबाईच्या गोष्टी सांगून भरवलं. रंगुबाई दूध देती, रंगुबाई त्याला गोधडीवर निजवती. रोज ती म्हातारी जरा जरा वाढत होती. मला मात्र पहिल्यापासून वाटायचं, ही बाई फारच नेमकी सापडली. दात पडलेलं कुत्रं कोण मागून घेतं?

आणि शनिवारी आक्काबाईला खुंटी मोकळी दिसली.

“फोन लाव तिला,” ती म्हणाली.

“फोन न्हाई तिच्याकडं.”

“मग मी येते गाडीवर.”

तेव्हा गोरक्षचा चेहरा उतरला. “तू नको. थंडी हाय. मी आनतो,” म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारली. मी घरी जाऊन राहिलेल्या भाकरी केल्या.

पुढचं त्यानं त्याच रात्री आमच्यासमोर ओकलं, म्हणून मला माहीत आहे.

रंगुबाई नव्हतीच. गुरुवारी तो दोन-तीन वस्त्यांवर हिंडला होता. मेंढक्यानं जमादाराचं तोंड उघडून बघितलं आणि हसला, “ह्याला मेंढरंच राखतील!” याआधी दोनदा घरात न सांगता लांब सोडून दिलेलं हेच कुत्रं दोन्ही वेळा गाडीच्या आधी घरी आलेलं. मग यानं पाट ओलांडला. पाणी ओलांडलं की वास तुटतो म्हणतात. त्यावरही भरवसा नव्हता, म्हणून उसाच्या कडेला एका बाभळीला त्यानं जमादाराला बांधलं. दुहेरी गाठ मारली. बिबट्या नेईल, मी तर मारलं नाही, हा त्याचा हिशेब. जमादाराला वाटलं धनी लघवीला चाललाय. तो शेपूट हलवत शहाण्यासारखा बसून राहिला.

पाणीसुद्धा ठेवलं नव्हतं या माणसानं.

शनिवारी रात्री तो पाटाच्या कडेनं गेला. दावं सोडायचं आणि आणायचं, एवढंच काम. कुत्रं मेलेलं असेल किंवा नसेल. गाडी चालू ठेवूनच उतरायचं त्यानं ठरवलं होतं. बाभळीपाशी गेल्यावर गाडी आपसूक बंद पडली.

त्यानं मोबाईलची बॅटरी लावली.

दावं होतं. बाभळीची गाठ तशीच. दुसऱ्या टोकाला गळ्यातला फास, तोही तसाच. गाठ सुटलेली नव्हती. दावं तुटलेलं नव्हतं, चावलेलं नव्हतं. डोकं बाहेर निघणार नाही एवढाच तो फास होता, त्यानंच आवळला होता. आत कुत्रं नव्हतं.

रक्त नाही. केस नाही. ओढत नेल्याची रेघ नाही.

शेजारी मातीचं परळ होतं. त्यात दूध. दुधाला वाफ येत होती.

त्यानं बाभळीची गाठ सोडायला घेतली. उसात पाचट वाजलं. एक पाऊल… आणि एक फरफट. एक पाऊल… फरफट.

बिबट्या असा चालत नाही.

“कोन हाय?”

त्यानं गाठीत नखं खुपसली.

गाठ सुटली. त्यानं दावं छातीशी धरलं. आणि उसातून, अगदी जवळून, म्हातारा आवाज आला. मऊ. लेकराशी बोलावा तसा.

“न्या, न्या. तुमचं दावं तुमी न्या… मी माझ्या दाव्यानं बांधलंय.”

तो पळाला. गाडी तिथंच टाकली. मागं कुणी आलं नाही. मागून फक्त एकदा जमादार भुंकला. रागानं नाही. ओळखीच्या माणसाला बघून भुंकतो… तसा.

आमची जेवणं आटोपून मी अंथरूण टाकलं होतं. पुन्हा आरडाओरड ऐकू आली म्हणून उठून गेले. गोरक्ष अंगणात उभा. पायात चप्पल नाही, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलात. त्यानं दावं आक्काबाईच्या पायांवर फेकलं.

“घे तुझी बरकत! घाल गळ्यात!”

“लाज वाटत न्हाई आईला बोलाया? गाडी कुठं टाकली?”

“मसनात!” म्हणाला आणि मग बांध फुटावा तसं सगळं बोलून गेला. बाभळ, फास, दूध, आवाज. दिपालीनं तोंडाला पदर लावला. आक्काबाईला निम्मं पटलं नाही, पण निम्मं नको तिथं लागलं.

“मराया बांधलंस? षष्ठीचा घास खाल्लेलं कुत्रं? आरं, तुझं तोंड बघू न्हाई कुनी!”

“तूच म्हनली काढा म्हनून!”

“चांगलं दार बघ म्हनले हुते!”

“कोन घेतं गं म्हातारं कुत्रं? तूच सांग, कोन घेतं? तुला तरी घेईल का कुनी?”

दिपाली मधे पडली, “आहो, बास करा, पोरगी उठंल.”

“तू बोलू नको! तुझ्यापायी झालं समदं!”

“माझ्यापायी? बिबट्या म्या आनला?”

मी म्हणाले, “गोरक्ष, खाली बस. पानी पी. ऊसतोडीवाल्यांची एखादी म्हातारी आसंल रं. कोपीतून आली आसंल, कुत्रं सोडून नेलं आसंल.”

“काकी, गाठ कशी सुटली न्हाई मग? आन् तिला दाव्याचं कसं कळलं?”

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

आक्काबाई तोंडानं हटणारी बाई नव्हे. तिनं दावं उचललं, दिव्याजवळ बसून फास बघितला आणि पुन्हा सुरू झाली. “खोटं बोलतोस. कुत्रं दिलंस त्या बाईला, आन् आता गाडी कुठं आपटलीस ती झाकाया ह्या भाकडकथा. रंगुबाई हाय. तू खोटारडा हाइस.”

“न्हाई गं आई!” गोरक्ष रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, नाकातोंडातून पाणी. “पोरीची शपथ. रंगुबाई जगात न्हाई. मी बसल्याजागी रचली तिला. नाव रचलं, लंगडा पाय रचला. न्हाई ती!”

आक्काबाईच्या हातातलं दावं तिच्या मांडीवर पडलं. तिनं एकदा अंगणाच्या फाटकाकडं बघितलं. ते उघडं होतं. मग ती लेकाकडं वळली, आणि एवढ्या वर्षांत मी कधी ऐकला नव्हता इतक्या बारीक आवाजात म्हणाली,

“तू दावं आनाया गेल्यावर ती लंगडत आली हुती रं दारात… कुत्रं रुळलं माझ्याकडं म्हनली, घरात अजून कोन नकोसं झालंय का म्हनून इचारलं, आन् मी रागाच्या भरात तुझं नाव सांगितलं.”