तालिवल्दिसचा नामदिवस

बेकरीत केशरी गोड पावाचं वेटोळं एकच उरलं होतं. वर साखरेनं लिहिलेलं नाव — तालिवल्दिस.

"माझं आहे ते," विज्मा म्हणाली.

"तुमचं नाव तालिवल्दिस?" शेजारचा उंच तरुण हसला. केसांत लाकडाचा भुसा. "माझं मात्र आहे."

"माझ्या मामांचंही आहे! कॅलेंडरात आज हेच नाव आहे, म्हणजे नामदिवस त्यांचा."

बेकरीवाल्या काकूंनी कपाळावर हात मारला. "दोघांनी एकाच नावाचं सांगितलंत, मी एकच मागणी समजले गं बाई!"

त्यानं वेटोळं तिच्याकडे सरकवलं. "न्या तुम्ही. मामांकडे पाहुणे येतील. मी वसंतात आलो इथे, कुल्दीगा गावात, जुन्या खिडक्या दुरुस्त करायला. मला कोण ओळखतं?"

"मग बोलवा की कुणाला."

"नामदिवसाला बोलवायचं असतं का? ज्याला यावंसं वाटेल, तो येतो." त्यानं केसांतला भुसा झटकला. "रीगाहून कामाचं बोलावणं आहे. आज कुणीच आलं नाही... तर उद्याच्या बसनं जाईन म्हणतो."

"जुन्या सरदाराचं नाव आहे हो तुमचं. दूरवर राज्य करणारा! जवळ कशाला थांबाल?"

"जवळचं राज्य कुणी दिलंय कुठे?" तो दाराकडे वळला. "पुलापलीकडचं पिवळं घर... बोलवत नाहीये हं. नुसतं सांगतोय."

मामांकडे घर भरलं होतं. विज्मा कॉफी ओतत होती, पण जीव थाऱ्यावर नव्हता. एकदा बशीतच ओतली. बोलावणं नसताना एकट्या पुरुषाच्या घरी... आणि गेलीच नाही तर? उद्याची बस काही थांबायची नाही.

"पोरी, बघून बघून खिडकी झिजेल," मामा म्हणाले. "माझं नाव माझ्या आईनं ठेवलं. पोरगा लांब जाऊन मोठा होईल म्हणून! मी या गल्लीच्या पुढे गेलो नाही. तुझ्या मामीनं जाऊच दिलं नाही."

मामी लाजल्या. विज्मानं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, परसातली फुलं ओरबाडली आणि निघाली. पुलावर ती जवळजवळ धावतच होती.

पिवळ्या घराचं दार उघडं होतं. टेबलावर कोऱ्या कपांची रांग, जमिनीवर अर्धी भरलेली बॅग. हातात घडी केलेला सदरा घेऊन तो तसाच उभा राहिला.

"नामदिवस... सुखाचा जावो," तिनं फुलं पुढे केली.

त्यानं ती पाहिली. ओठ दाबून म्हणाला, "चार? सम संख्येत फुलं थडग्यावर वाहतात. पुरायला आलात मला?"

"अगंबाई!" ती कानापर्यंत लाल झाली. "घाईत... मोजलीच नाहीत हो..."

"इतकी घाई? कशाची?"

ती खाली बघत हळूच म्हणाली, "तुम्ही जाल... याची."

त्यानं एक फूल काढून तिच्या वेणीत खोवलं.

"कॉफी गार झालीय," तो म्हणाला. "नवी करतो. बसशील ना?"

"आणि उद्याची बस?"

"जाईल की." सदऱ्याची घडी मोडून त्यानं तो खुंटीला अडकवला. "माझ्यावाचून."