चंद्रावरच्या हुलग्यांचा निरोप

सन २०६१. चंद्रावरून आवाज येत होता आणि माणदेशातल्या त्या शाळेत धडधाकट कानांच्या अडतीस जणांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. कढईत मोहरी तडतडावी तशी नुसती खरखर. कळत होतं ते एकटीला, आणि तिला नेमकं शेवटच्या बाकावर बसवलं होतं. हे कसं काय?

तिचं नाव शर्वाणी लोहोकरे, इयत्ता सातवी, जन्मतः दोन्ही कानांनी बहिरी. शाळेच्या रेडिओ मंडळाच्या परीक्षेत ती पहिली आली होती. पहिला येईल त्याने चंद्रतळाशी, म्हणजे चंद्रावरच्या संशोधन केंद्राशी, बोलायच्या खुर्चीत बसायचं, हा मंडळाचा नियम. पण बिडकर सर म्हणाले, "ऐकायचं काम आहे बाळ, तुला उगाच त्रास नको," आणि खुर्ची दुसऱ्या आलेल्या निमिषला दिली. खुर्चीत बसून रेडिओ चालवणारा तो चालक; संपर्क सुरू होण्याआधीच नोंदवहीत त्याचं नाव लिहितात, तेही निमिषचंच लिहून टाकलं. शर्वाणीच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणी चिडवलेलं तिला चालायचं, कीव केलेली मुळीच चालायची नाही.

शाळेने पाठवलेले हुलगे चंद्रतळावर डॉ. रझिया मुलाणी उगवून बघत होत्या. आज सहा मिनिटांचा संपर्क होता. नेमकं सूर्यावर वादळ उठलं आणि तळाची यंत्रणा आवाज काटकसरीने पाठवू लागली.

सरांनी आवाज वाढवला. कळेना. आणखी वाढवला. शर्वाणीशी बोलतानाही लोक असेच बेंबीच्या देठापासून ओरडत. ओरडून सांगितलं की कळतं, ही मोठ्या माणसांची जुनी समजूत आहे.

शर्वाणी उठून उभी राहिली. "त्या म्हणताहेत, कोंब आलेत, पण मुळं कुजायला लागलीत. पाणी चालू ठेवू की तोडू?"

"अंदाजाने बोलू नकोस. खाली बस."

"नाही बसणार, सर."

"साडेतीन मिनिटं उरली," शाळेचा यंत्रमानव ठोकळा म्हणाला. "नंतर तीन दिवस संपर्क नाही. मला या आवाजाचं शिक्षण दिलेलं नाही. क्षमस्व."

तीन दिवसांत सगळे हुलगे कुजले असते. शर्वाणी तडक पुढे आली. "ठोकळ्या, मघाचं वाक्य परत लाव. सर, मी सांगितलेलं मनात धरून ऐका."

पुन्हा तीच खरखर झाली. सरांचे डोळे मोठे झाले. "अरेच्चा! 'मुळं कुजायला लागलीत!' स्वच्छ ऐकू येतंय की! ठोकळ्या, तू आवाज साफ केलास?"

"नाही सर. तंतोतंत तोच आहे."

"मग बदललं काय?"

"तुमचा मेंदू," शर्वाणी म्हणाली.

निमिष आपणहून खुर्चीवरून उठला. तिने बटण दाबलं. "ताई, पाणी तोडा! आमच्याकडचा हुलगा आहे, कोरड्यातच तगतो."

तिचा आवाज चंद्रावर जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागले. ऐकलेलं वाक्य चालकाने मोठ्याने परत म्हणायचं असतं. तिने म्हटलं, "'आत्ताच तोडते. बरं झालं सांगितलंस.'" मग संपर्क तुटला आणि वर्गाने तिला गराडा घातला.

"ऐका," ती म्हणाली. "तुमच्या कानात कॉक्लिया (गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी) असते. तिच्यात हजारो केसपेशी (कंपनांचे विजेचे संदेश करणाऱ्या पेशी) असतात. माझ्या चालत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी त्या नळीत बारीक तार घातली. तिच्यावर बावीस इलेक्ट्रोड (मज्जातंतूला विजेची टिचकी देणारे ठिपके) आहेत. कानामागचं हे यंत्र आवाजाच्या, खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत, थोड्याशा पट्ट्या पाडतं आणि कुठली पट्टी किती जोरात, एवढंच आत पाठवतं."

"काटकसरीत चंद्रतळही हेच करतो," ठोकळा म्हणाला.

"हो ना! यंत्र पहिल्यांदा चालू झालं तेव्हा मी दोन वर्षांची होते. दचकून रडले म्हणे. शब्द कुठले, नुसती टिकटिक. मग आई भाजी निवडताना, वेणी घालताना बोलतच राहायची. ही भेंडी, हा देठ, हा दोरा. वर्ष गेलं, तेव्हा कुठे मेंदूला त्या टिकटिकीत शब्द सापडायला लागले. सुटलेलं अक्षर वाक्यावरून भरायलाही तो शिकला. कान आवाज गोळा करतो, अर्थ मेंदू लावतो. गलक्यात मला अजून जड जातं, ते खरं. पण आजची खरखर तुम्हाला नवी होती. माझं ते रोजचं ऐकणं आहे."

"सराव केला तर आम्हालाही जमेल?" निमिषने विचारलं.

"जमेल की. उद्यापासून डबा खाऊन झाला की ये. मी शिकवीन, आणि ओरडणार नाही."

सर घसा खाकरून म्हणाले, "पुढच्या वेळी खुर्ची तुझी हं."

"पुढच्या वेळी कशाला? आजचीच माझी होती." तिने नोंदवही त्यांच्यासमोर उघडून धरली.

सरांनी खिशातलं पेन काढलं. "चुकलो," ते म्हणाले. त्यांनी निमिषच्या नावावर रेघ मारली आणि शेजारी नवं नाव लिहायला पेन टेकवलं.

शर्वाणीने हात पुढे केला. "खोडायचं काम तुमचं होतं, सर. लिहीन मी."

आणि शेवटच्या बाकावरूनही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत तिने आपलं नाव लिहिलं.