कुरवांनी सोडलेली जागा

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. तरी दर हिवाळ्यात शेवगाव तालुक्यात, जायकवाडीच्या फुगवट्यावर, समुद्रकाठचे कुरव पक्षी उतरतात. फेब्रुवारी सरता सरता त्यांची पांढरी डोकी तपकिरी व्हायला लागतात आणि एका सकाळी ते उत्तरेला निघून जातात. विजयाबाई अकरा वर्षं त्यांची मोजणी करत होत्या. पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली बाई दर रविवारी उजाडताच स्कूटीला दुर्बिणीची तिवई बांधून चिखलात का येते, हे काठावरच्या निंबेवाडीला कधी कळलं नाही. 'पाखरांची बाई' असं नाव ठेवून गावाने तो विषय मिटवला होता.

मोजायची पद्धत साधी होती. बाईंनी दुर्बिणीला डोळा लावायचा, बसलेला थवा मनातल्या मनात चौकोनांत कापायचा आणि डावीकडून एकेका चौकोनाचा आकडा बोलायचा. दिपालीने वहीत चौकोन आखून तो आकडा आत लिहायचा. दिपाली त्यांची जुनी विद्यार्थिनी. बी.एस्सी. करून निंबेवाडीत दिलेली, काठावरच्या शेवटच्या घरात.

सोळा फेब्रुवारीला पाण्यात घुसलेल्या गाळाच्या जिभेवर सहाशेच्या वर कुरव होते. वारा उगवतीचा, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. बाई बोलत गेल्या. चौदा, सोळा, तेरा, पंधरा. मग थांबल्या.

"काय लिहू, बाई?"

"इथं कुणीच नाही."

"म्हणजे शून्य?"

"शून्य कसं असेल? चहूबाजूंनी दाटीवाटीने बसलेत. नजर चुकली असेल माझी. सरासरी टाक, चौदा."

दिपालीने चौदा लिहिलं. बाईंनी आयुष्यात पोरांना फुकटचा एक मार्क दिला नव्हता. त्या सकाळी त्यांनी चौदा पक्षी फुकट दिले, आणि घरी जाईपर्यंत ते त्यांना टोचत राहिले.

दिपालीचं घर तेव्हा कशावर अडलं होतं ते सांगायला हवं. नोव्हेंबरात तिचा नवरा गोरक्ष दुपारी मोटरीच्या पाइपाचा गाळात अडकलेला फुटव्हॉल सोडवायला पाण्यात उतरला तो वर आलाच नाही. काठावर चपला सापडल्या, पाइप सापडला. पाणबुड्यांनी चार दिवस गाळ ढवळला आणि जेवून निघून गेले. ठाण्यातल्या साहेबाने सांगितलं, प्रेत नाही तर मृत्यूचा दाखला नाही, सात वर्षं थांबा. पारावरची माणसं म्हणाली, पुण्याला पळाला असेल, हल्ली पळतात. ज्यांना स्वतःच्या बायकोची जन्मतारीख माहीत नाही त्यांना गोरक्ष कुठे आहे हे पक्कं माहीत होतं. आणि सासू साळूबाई म्हणाली, "पानी उतरू दे. पानी उतरलं की कळंल. तवर ह्या घरातनं कुनी पाय काढायचा न्हाई."

'कुनी' म्हणजे दिपालीच. बाकी होतं कोण?

दिपालीने मात्र चोरून संगमनेरला अर्ज केला होता. तिथल्या एका डेअरीच्या लॅबमध्ये तिला काम मिळालं होतं, दहा मार्चला हजर व्हायचं होतं. पत्र बाईंच्या पत्त्यावर आलं होतं. नऊ तारखेला, रविवारी, बाई तिला मोजणीच्या निमित्ताने घराबाहेर काढणार आणि स्कूटीवरून शेवगावच्या स्टँडवर सोडणार, असं ठरलं होतं. सत्ताविसाव्या वर्षी पोरीने ना सवाष्ण ना विधवा अशी सात वर्षं काढायची, हे बाईंना मान्य नव्हतं. त्यांनी ते कुणाला विचारलंही नव्हतं.

तेवीस तारखेला पाणी बरंच हटलं होतं. जुनी जीभ लांब झाली होती, कुरव तिच्यावरच होते, आणि ती रिकामी जागाही होती. पण काठाकडे सरकलेली. बाईंनी चष्मा पुसला, दुर्बिणीची काच पुसली. मग त्या जागेचं माप घ्यायला सुरुवात केली. कुरवाची लांबी साधारण बेचाळीस सेंटिमीटर. जागा चार कुरव लांब, कुरवाहून थोडी जास्त रुंद.

"एकशे अडुसष्ट," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

"पाच फूट सहा इंच," दिपाली म्हणाली. तिने वहीवर आकडेमोड केली नव्हती. "बायोडाटात त्यांनी पाच आठ लिहिलं होतं, बाई. खरे पाच सहा. लग्नात माझ्या भावाशेजारी उभे राहिले तेव्हाच कळलं."

बाईंनी चिखलाचा ठाव घ्यायची सळई उचलली. गाळाखाली काहीतरी कुजत असेल, पाखरं वासाने टाळत असतील, असा त्यांनी विचार केला. तो वेडा विचार नव्हता. उलट तसं असेल तर प्रेत मिळेल, दाखला मिळेल, पोरगी उजळ माथ्याने जाईल. दोघी चिखल तुडवत जिभेवर गेल्या. थवा उठला. गाळावर पायांचे ठसे इतके की बोट टेकवायला जागा नाही. मधल्या पट्ट्यात एकही ठसा नव्हता. विष्ठेचा एक ठिपका नव्हता. कडा मात्र रेखल्यासारखी.

बाईंनी हातातली लोखंडी सळई ठिकठिकाणी खुपसली. दिपालीने हातांनी उकरलं, कोपरापर्यंत. गाळ, शिंपले, पुन्हा गाळ. वास नुसता पाण्याचा.

त्या काठावर परतल्या तेव्हा कुरव पुन्हा उतरत होते. उकरलेल्या खड्ड्यावर ते बिनदिक्कत बसले. रिकामी जागा पाचसहा पावलं अलीकडे पडली.

त्यानंतर बाई रोज यायला लागल्या. काठावरच्या बाभळीच्या खुंटापासून पावलं मोजून वहीत लिहायच्या. एखाद्या दिवशी पाणी हटायचं, एखाद्या दिवशी नाही. जागा मात्र रोज बावीस पावलं सरकायची, वारा असो नसो. कुरव पाण्याजवळ राहिले तेव्हा ती ओल्या गाळात चोची खुपसणाऱ्या पाणटिवळ्यांमध्ये दिसायला लागली. शे-दीडशे पाणटिवळे चरत चरत यायचे आणि तिथे पोचले की दोन भाग होऊन पुढे जायचे. वाटेत कुणी झोपलेला असावा आणि त्याची झोप मोडू नये, तसे.

बाईंनी फोटो पाठवून मोजणी गोळा करणाऱ्या ऑफिसात फोन केला. तिथला रविराज नावाचा मुलगा सभ्य होता. "मॅडम, फोटोत एवढं काही जाणवत नाही," तो म्हणाला. "पक्षी कुठे नाहीत याचा रकाना आपल्या फॉर्मात नाहीये." त्याचं बरोबर होतं.

चार मार्चला जागा गाळपेरीच्या रानात आली. पाणी हटलेल्या जमिनीवर ज्वारी उभी होती आणि मोकळ्या पट्ट्यात भोरड्या उतरल्या होत्या, हजारोंनी, कलकलाट करत. त्या कलकलाटात तेवढाच तुकडा गप्प होता. बाईंनी घरी जाऊन आलेखाच्या कागदावर तोवरचे सगळे बिंदू मांडले. रेघ सरळ आली. ती पुढे वाढवायची त्यांची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दिपालीने स्वतःच्या वहीचं पान पुढे केलं. तिने वाढवली होती.

"तुम्हीच शिकवलंय, बाई. दोन बिंदू मिळाले की रेघ मिळते."

"कुठे जाते?"

"आमच्या अंगणात. नऊ तारखेला."

बाईंनी वही बंद केली. "आजच निघ. पिशवी राहू दे. मी कपडे घेऊन देते."

"आज आत्यांना ताप आहे."

"दिपाली."

"रविवारी, बाई. ठरलंय तसं. चार दिवसांनी काय होतंय?" ती हसली. हसू खरं होतं, म्हणून बाईंना बरं वाटलं. मग ती म्हणाली, "इतके महिने म्हणतायत पळाला. पळाले नाहीत एवढं तरी कळलं."

आठ तारखेला सकाळी कुरव गेले. पाणी कोरं होतं. पाणटिवळे नव्हते, भोरड्याही उठून गेल्या होत्या. बाई दोन तास दुर्बीण फिरवत राहिल्या आणि मग त्यांना जाणवलं की आपण कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतोय. पाखरंच नाहीत तर रिकामी जागा कशाची? वहीत त्यांनी लिहिलं, 'सर्व चौकोन शून्य.' त्यांना ते आवडलं.

रविवारी आठ वाजता त्या साळूबाईच्या घरी पोचल्या. अंगण सारवलेलं, त्यावर धूळ बसलेली. एका बाजूला ताडपत्रीवर हरभरा वाळत होता. स्कूटी दारापाशी लावून त्यांनी हाक मारली.

साळूबाई बाहेर आली. ताप उतरला असावा. केस विंचरलेले, लुगडं धुतलेलं. चार महिन्यांत बाईंनी तिला अशी पाहिली नव्हती.

"या बाई. च्या टाकते."

"नको. दिपालीला मोजणीला न्यायचंय."

"मोजायला काय ऱ्हायलं आता?" साळूबाई सहज म्हणाली आणि सुपातला भरडा अंगणात फेकला.

कोंबड्या धावल्या. कौलांवरच्या चिमण्या खाली आल्या. भरडा सगळीकडे सारखा पडला होता. कोंबड्यांनी डावीकडचा टिपला, उजवीकडचा टिपला. मधला तसाच राहिला.

बाईंनी बघायचं नाही असं ठरवलं. आकडा आपोआप आला. पाच फूट सहा.

दिपाली कळशी घेऊन विहिरीकडून आली. तिच्या कपाळावर कुंकू होतं. नोव्हेंबरापासून साळूबाई लाव म्हणायची आणि ती लावत नव्हती.

"पिशवी कुठंय?" बाईंनी हळू विचारलं.

"सोडली, बाई. कपडे कपाटात ठेवले."

"एसटी साडेनऊची आहे. अजून वेळ आहे."

"तुम्ही डेअरीला पत्र लिहा ना. की जमत नाही म्हणून."

"का जमत नाही?"

दिपालीने बाईंकडे पाहिलं. शाळेत सोपं गणित दोनदा विचारलं की मुलं बघतात तसं.

मग ती कळशी सावरत दाराकडे निघाली. सरळ वाट अंगणाच्या मधून होती. ती मधून गेली नाही. खाली न बघता तिने वळसा घातला. पाणी हिंदकळेल म्हणून कळशीच्या तोंडावर हात धरला. डोक्याच्या बाजूने जायचं टाळून ती पायांच्या बाजूने गेली.

कुठली बाजू पायांची, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"च्या घ्याच," साळूबाई आतून म्हणाली. "जरा हळू बोला मातर."

बाई चहा न घेता निघाल्या. मागची सीट त्यांनी पिशवीसाठी मोकळी ठेवली होती, दोरीही आणली होती. दोरी त्यांनी डिकीत टाकली. स्कूटी हाताने वळवली. तेव्हा त्यांना धुळीत आपल्याच चाकाचा माग दिसला, थोड्या वेळापूर्वी आत आल्या तेव्हाचा. तेव्हा अंगण मोकळं होतं. कोंबडी नव्हती, चिमणी नव्हती, आणि त्यांची नजर दारावर होती.

माग फाटकापासून सरळ येत होता. अंगणाच्या मध्यावर तो नीट वळून, हातभर अंतर राखून, पुन्हा सरळ झाला होता.