लिनोचं कनेक्शन

हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. ही गोष्ट डॅरिलनं मला स्वतः सांगितली, आणि तिचा शेवट मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

डॅरिल ब्रिस्बेनच्या मुख्य कचेरीत डेटाबेस सांभाळायचा. आपला साखर कारखाना तिथून पार उत्तरेला. पण इथं ऊस फोडणाऱ्या यंत्रात, श्रेडरमध्ये, उतरणारा माणूस दाराशी कार्ड टेकवायचा, की त्याच्या नावानं तिकडच्या डेटाबेसशी कनेक्शन उघडायचं. ते उघडं असेतो यंत्र सुरू होत नाही. बाहेर आल्यावर पुन्हा कार्ड टेकवलं, की बंद. लिनो बर्तोली आत असताना 'आला असेल बाहेर' म्हणून कोणीतरी त्याचं कनेक्शन बंद केलं. लिनोचं पुढं काय झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हापासून दुसऱ्याचं कनेक्शन बंद करायचं नाही, असा नियम झाला.

जुलैचा तिसरा शुक्रवार, रात्री दोनचा सुमार. श्रेडरचे हातोडे बदलून आम्ही बाहेर आलो, कार्डं टेकवली. आणि आमचा जोएल, अतिशहाणा, आत राहिलेला पाना आणायला गुपचूप परत उतरला. कार्ड न टेकवता. कोणालाच पत्ता नव्हता.

पाळीप्रमुख ग्लेन्डानं डॅरिलला फोन लावला.

"अरे बाबा, श्रेडर सुरू होईना. उसाच्या गाड्या तुंबल्यात. बघ काय अडकलंय."

"एक कनेक्शन उघडं दिसतंय. नाव... लिनो बर्तोली."

"लिनो कधीच गेला, डॅरिल."

"मग जुनं काहीतरी असेल. आत कोणी नाही ना?"

"सगळ्यांची कार्डं टेकवून झालीत. कर बंद."

त्यानं बंद केलं. ते उघडलं. पुन्हा बंद केलं. पुन्हा उघडलं.

"मेल्यावरही ओव्हरटाइम हवाय वाटतं," डॅरिल पुटपुटला. लिनोचं नावच काढून टाकायला त्यानं हात पुढे केला.

कोणीतरी मनगट धरलं.

खोलीत कोणी नव्हतं. मळीचा आंबूस वास सुटला होता. पकड आवळली... दोन बोटं कडाकड मोडली. तो खुर्चीसकट फेकला गेला. डोकं कपाटावर आपटलं. कपाळावरून डोळ्यांत रक्त ओघळलं. मानेवर गुडघा. कानाशी श्वास... शब्द नाही. नुसता श्वास.

हे आपल्याला मारायला आलंय, असं डॅरिलला वाटलं. कनेक्शन तोडलं तरच सुटका. तो लाथा झाडत सरपटला. टेबल धरून उठला. डाव्या हातानं...

नाव गेलं. कनेक्शन बंद.

त्याच क्षणी पकड सुटली.

फोनमधून श्रेडरची घरघर आली. मग जोएलची किंकाळी.

मी धावलो. श्रेडरच्या दाराबाहेर जोएल पालथा पडला होता, पाय माझ्याकडे. उजवा हात खांद्यापासून गेलेला. मी लहान मुलासारखा रडलो, पोरांनो. पण तो जगला.

टाउन्सव्हिलच्या इस्पितळात तो शुद्धीवर आला.

"तूच ओढलंस ना रे मला, म्हाताऱ्या?"

मी पोचलो तेव्हा तो बाहेरच होता.

तेवढ्यात नर्सनं पांघरूण सारलं. त्या रात्री त्याचे जाड चामड्याचे बूट मीच माझ्या हातांनी सोडले होते. त्यांच्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

खाली, दोन्ही घोट्यांभोवती, काळीनिळी बोटं उमटली होती.