इलाने ‘येते’ म्हटलं आणि...

तुम्ही विश्वास ठेवा, असा माझा आग्रह नाही. पण यातलं काहीही मी रचलेलं नाही. मी तिथे होते आणि माझ्या लेकीचा दंड माझ्या हातात होता... म्हणून लिहितेय.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. पासाऊहून डॅन्यूब नदीने व्हिएन्नाला जाणाऱ्या बोटीवरचा पहिला दिवस. रात्र नव्हती. चांगली लख्ख दुपार होती.

लग्न करून मी लिंझला आले त्याला बरीच वर्षं झाली. नवरा लोरेन्झ इथलाच. इला तेव्हा साडेचार वर्षांची. आणि सासूबाई, गेर्लिंडे. त्यांच्या सत्तरीनिमित्त ही सहल. त्यांचं लहानपण याच नदीच्या काठी गेलेलं. वडील तरीवर, म्हणजे माणसांना नदीपार नेणाऱ्या होडीवर, नावाडी होते.

मी पहिल्यापासून धास्तावलेली. सामान खोलीत टाकायच्या आधी मी कठड्याच्या गजांमधून इलाचं डोकं जातंय का, ते बघून घेतलं.

“केतकी, तू माशालासुद्धा लाइफ जॅकेट घालशील,” सासूबाई म्हणाल्या.

“मासा साडेचार वर्षांचा असेल तर घालीन.”

बोट सुटली. धक्क्यावरची माणसं हात हलवत होती. इलानेही दोन्ही हात हलवले आणि जर्मनमध्ये ओरडली, “मी येते!”

शेजारच्या आजोबांना हसू आवरेना. “अगं, तू तर निघालीस! येतेस कुठे?”

हे माझं शिकवणं. निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. ‘जाते’ म्हटलं की माणूस परत येत नाही, असं आई मला सांगायची, तेच मी इलाला सांगितलेलं. ती मराठीत म्हणते तसंच जर्मनमध्येही म्हणते. बालवाडीत सगळे हसतात. मला मात्र बरं वाटायचं.

पुढे नदी डोंगरांत शिरली. दोन्ही काठांना दाट झाडी. आम्ही वरच्या डेकवर कॉफी घेत होतो. सासूबाईंपुढे जर्दाळूचा केक होता.

“आई, तो काका बोलावतोय,” इला म्हणाली.

“कुठला काका?”

तिने बोट दाखवलं. झाडीतून एक जुना दगडी उतार पाण्यात गेला होता. त्याच्यावर कुणीही नव्हतं.

मग मलाही ऐकू आलं.

लांबवर ओढलेली... पुरुषाची हाक.

“होल इबर...!”

पलीकडे ने.

वळण आलं. उतार मागे पडायला लागला. इलाने हात हलवून जर्मनमध्येच त्याचा निरोप घेतला.

“मी येते!”

सासूबाईंचा काटा बशीत पडला.

“कुणाला म्हणाली ती?”

“कुणाला म्हणजे? बाय केलं तिने. तिचं नेहमीचं,” लोरेन्झ म्हणाला.

“तरीला अशीच हाक घालायचे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “नावाड्याने ‘येतो’ म्हटलं की मग वादळ असो, पूर असो, जावंच लागायचं. तोंड दिसल्याशिवाय बाबा कधी उत्तर द्यायचे नाहीत. हाक घालणारा काठावरच उभा असतो असं नाही, म्हणायचे.”

“आई, केक खा. ती तरीची होडी कधीच बंद पडली. तू शाळेत होतीस तेव्हा.”

“तेच तर म्हणतेय. तेव्हापासून कुणी उत्तर दिलं नव्हतं.”

लोरेन्झ हसला. मला हसू आलं नाही. मी इलाला उचललं, खाली खोलीत नेलं आणि खरोखरच लाइफ जॅकेट घातलं.

खिडकीबाहेर पक्ष्यांचा आवाज नव्हता. मघापर्यंत होता.

“होल इबर...”

या वेळी आवाज काठावरून आला नाही. आमच्या खिडकीच्या खालून आला. पाण्याच्या अंगाने.

मी बाहेरच्या कठड्याकडे उघडणारं सरकतं काचेचं दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने बोट लॉकमध्ये शिरली. दोन उंच काँक्रीटच्या भिंती, पुढेमागे दरवाजे. मधलं पाणी सोडून बोट हळूहळू खाली उतरवतात. रोजचंच काम.

इंजिन थांबलं.

पाणी उतरू लागलं. खिडकीतलं आभाळ वर वर गेलं... आणि शेवाळलेली, ओली भिंत आली. हातभर अंतरावर. भर दुपारी खोलीत काळोख. भिंतीच्या खोबणीत एक लोखंडी शिडी होती.

मी दिव्याचं बटण शोधायला वळले.

पाठीवर गार वारा आला.

दार उघडं होतं. इला कठड्याशी उभी. तिचा हात गजांमधून बाहेर, शिडीपर्यंत.

“इला, हात आत घे.”

“येत नाहीये, आई.”

“का?”

“त्याने धरलाय.”

मी धावत जाऊन तिचा दंड पकडला. बाहेर कुणी नव्हतं. शिडी, भिंत, टपकणारं पाणी. पण तिच्या मनगटाजवळ बाहीला चुण्या पडल्या होत्या... मुठीत आवळल्यासारख्या.

मी ओढलं. हात हलला नाही.

बोट खाली चालली होती. हात होता तिथेच राहिला.

माझ्या डोळ्यांसमोर तो गजांच्या फटीतून वर वर सरकत गेला. इलाच्या टाचा उचलल्या. मग पावलंच जमिनीवरून सुटली. हात कठड्याच्या आडव्या दांड्याला लागला. आता आणखी वीतभर बोट उतरली असती तर...

“आई, दुखतंय! तो म्हणतो, तू येते म्हणालीस!”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

“म्हण, ‘मी जाते.’”

“तसं नाही म्हणायचं. तूच सांगितलंस.”

“आज म्हण!”

“मग मी परत नाही येणार!”

“इला, म्हण!” मी किंचाळले. तिच्यावर मी कधी अशी ओरडले नव्हते.

“मी जाते,” ती रडत म्हणाली. आधी मराठीत. मग जर्मनमध्ये.

क्षणभर काहीच नाही.

मग हात सुटला. आम्ही दोघी मागे आपटलो.

पुढचा दरवाजा उघडला आणि खोलीत ऊन आलं. इंजिन सुरू झालं. तिची बाही कोपरापर्यंत भिजली होती आणि तिला नदीच्या तळाच्या चिखलाचा वास येत होता.

“शिडीत अडकली असेल बाही,” लोरेन्झ म्हणाला. असेलही.  इलाचं मनगट पदरात घ्यावं तसं सासूबाईंनी स्कार्फमध्ये गुंडाळलं आणि धरून बसल्या.

बोट वाटेत आमच्या लिंझला लागली तशी आम्ही उतरलो. व्हिएन्ना राहिलंच.

तेव्हापासून इला घरातून निघताना ‘जाते’ म्हणते. रोज.

परवा माझी आई चिपळूणहून व्हिडिओ कॉलवर होती. इला पाठीला दप्तर लावून म्हणाली, “आजी, जाते!”

“अगं बाई! असं म्हणू नये. येते म्हणावं.”

“येते म्हटलं की त्याला खरं वाटतं, आजी.”

“कुणाला गं?”

इलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आई मला खूप बोलली. पोरीला हे काय अभद्र शिकवलंस म्हणून.

काय सांगणार तिला?

इला ‘येते’ म्हणाली तर कुणीतरी ऐकतं. आणि ‘जाते’ म्हणाली तर...

रोज दार लागतं आणि मी तिथेच जमिनीवर बसते. दुपारी जिन्यावर तिची पावलं वाजेपर्यंत.