कारखान्यामागची चौदा दारं

डॉक्टरांनी बाईचा रिपोर्ट दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. सुताराला तेव्हाच कळलं. बाईलाही कळलं असावं. जिन्यात ती थांबली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मिस्त्री, पाचला चर्चमध्ये मीटिंग आहे. चला, उशीर होईल."

लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी ती त्याला मिस्त्रीच म्हणायची. ती शाळेत शिकवायची, म्हणून तो तिला बाई म्हणायचा.

दोघांची भेट झाली ती बाकांमुळे. चर्चच्या मंडळीनं पाच वर्षांची नवी योजना आखली होती. त्यातलं पहिलं काम म्हणजे जमिनीत स्क्रूनं आवळलेली बाकं मोकळी करायची. प्रत्येक घराचं बाक ठरलेलं. नवा माणूस आला की बिचारा दाराशी ताटकळायचा. ते मोडायचं होतं. पण सुताराला एवढंच सांगितलेलं, की बाकं काढा, पॉलिश करा, परत आणा. तो कामाला चोख. त्यानं प्रत्येक बाकाखाली पटाशीनं नंबर कोरला, कुठलं बाक कुठे होतं ते वहीत उतरवलं आणि सगळी बाकं पुन्हा जागच्या जागी मांडली.

बाई कमिटीची सेक्रेटरी. ती बघायला आली.

"हे काय केलंत?"

"जागच्या जागी लावली. तसूभर फरक नाही," तो छाती फुगवून म्हणाला.

ती बघतच राहिली... मग तोंडावर फाईल धरून हसत सुटली. "अहो, दोन वर्षं भांडून आम्ही या जागा मोडायचं ठरवलं, आणि तुम्ही आठवड्यात त्यांना नंबर दिलेत!"

त्याचे कान तापले. "रंधा मारून काढतो. तीन दिवस लागतील."

"मी रोज बघायला आले तर लवकर होईल?"

"नाही," तो खाली बघत म्हणाला, "उशीर होईल."

काम सोळा दिवस चाललं. शाळा सुटली की ती यायची, बाहीला खडू लागलेला, आणि नेमकी ज्या बाकावर काम चालू असेल त्यावर बसायची. उठा म्हणायला हवं होतं. तो रंधा घेऊन नुसता उभा राहायचा.

शेवटच्या दिवशी तिनं एक कागद काढला. "योजनेतलं पुढचं काम. कारखान्यामागच्या खोल्यांत चौदा कुटुंबं राहतात. पोटासाठी लांबून आलेली. आपल्यातलं कोणी त्यांच्या दारात गेलेलं नाही. उपदेश करायचा नाही. बसायचं, काय हवंनको ते विचारायचं. नियम असा, की दोघांनी जायचं, एकट्यानं नाही. मी... तुमचं नाव लिहिलंय."

अनोळखी दार म्हटलं की त्याला घाम फुटायचा. "मला बोलता येत नाही, बाई. चौदा दारं नकोत. एका दारात येतो — तुमच्या. तुमच्या आईला भेटायला."

ती लाजली, पण हरली नाही. "आणि तिथे बोलणार कोण?"

"तुम्हीच."

आई हो म्हणाली. लग्न झालं. कागद मात्र फाईलमध्ये तसाच राहिला. योजनेची पाच वर्षं उलटली, तरी दर वर्षी ती विचारायची आणि तो म्हणायचा, "पुढच्या रविवारी नक्की." रविवारी कुणाची तरी खिडकी अडलेली असायची.

"दुसरं कोणी घ्या ना सोबतीला."

"माझी जोडी लिहून झालीय. खोडायची तर तुम्ही खोडा."

त्यानं खोडलं नाही, आणि गेलाही नाही. ती चिडायची नाही. "बरं," म्हणायची आणि मुलांच्या वह्या तपासायला बसायची. ते 'बरं' त्याला आता दिवसभर ऐकू येतं.

रिपोर्टनंतर पहिला महिना ती चालू शकत होती. एका शनिवारी म्हणाली, "उद्या जाऊ या का? हळूहळू चालेन. दोन-तीन घरं तरी होतील."

"आधी बऱ्या व्हा," तो म्हणाला. ती बरी होणार नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं.

"बरं," ती म्हणाली.

तीन महिन्यांनी ती गेली. पुढे चर्चचे पाळकसाहेब तो कागद घेऊन घरी आले. "मिस्त्री, बाईंच्या जागी कोणाचं नाव लिहू?"

"राहू द्या," तो म्हणाला. त्यांनीही आग्रह केला नाही.

मग एका रविवारी तो नियम मोडून एकटाच कारखान्यामागे गेला. पहिल्या दाराआड कोणीतरी खोकत होतं. त्यानं हात उचलला. आत गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते सुचेना. तिला नक्की सुचलं असतं. तो हात खाली घेऊन परत आला.

तिथे चौदा घरं आहेत. एकाही घरी अजून कोणी गेलेलं नाही.